फुली आणि मिनिटं

मंगळवारी वर्ग सुटायला अर्धा तास उरला असताना सुईची आई चपला न काढताच आत आली आणि तिने माझ्या टेबलावर एका फुटक्या कपाचे तुकडे ओतले. चपला घालून मॅटवर पाय ठेवणाऱ्याला मी एरवी दारातूनच परत पाठवतो, मग तो कोणीही असो. त्या दिवशी मात्र मी नुसता तुकड्यांकडे बघत राहिलो. कानासकट पाच तुकडे होते, आणि तिने ते पिशवीत घालून इथपर्यंत आणले होते.

"आठ दिवसांतला हा तिसरा," ती म्हणाली. "सर, तुमच्याकडे यायच्या आधी माझी मुलगी अशी नव्हती."

सुई म्हणजे तिची नऊ वर्षांची मुलगी. खरं नाव शाळेत वापरतात. आमच्या कराटेच्या वर्गात ती आली तेव्हा इतकी बारीक आणि इतकी सरळ होती, की पोरांनी पहिल्याच दिवशी तिची सुई केली आणि आठवड्याभरात मीही तसंच म्हणायला लागलो. आत्ता ती पहिल्या रांगेत मुठी कमरेला लावून उभी होती आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती. कप जणू कोणा परक्याच्या घरचा होता.

आई दातांच्या दवाखान्यात बाहेर बसून पेशंटांची नावं पुकारते. दिवसभर हळू बोलायची सवय असल्यामुळे ती भांडायला आली आहे हे कळायलाच मला वेळ लागला. मुलगी कप फोडते. साखरेत मीठ कालवते. बाप सकाळी कामावर निघायच्या आधी त्याच्या बुटात पाणी ओतते. आणि हे सगळं चिडून नाही, हट्टाने नाही, तर दप्तर भरावं तसं शांतपणे. वर स्वतःच येऊन सांगते, मी केलं म्हणून. रविवारी तिची हिरव्या पट्ट्याची परीक्षा होती. तोवर हे थांबलं नाही तर पट्टाही नको आणि वर्गही नको, मी तिला काढून घेते, असं बजावून आई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

मी पुरता चक्रावलो. सुई ही माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी. सगळ्यांच्या आधी येणार, न सांगता दारातल्या चपला जोडीने लावणार, सहा महिन्यांत तिला एकही गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागली नव्हती. आणि वर्गाशिवाय त्या पोरीला दुसरं काही सुचत नसे. सुट्टीच्या दिवशीही ती खाली येऊन कुलूप बघून जाते, असं खालच्या लाँड्रीवाल्याने मला सांगितलं होतं.

मी तिला समोर बोलावलं.

"तू फोडलास?"

"हो, सर."

"मुद्दाम?"

"हो, सर."

"लाज नाही वाटत?"

तिने खरोखर विचार केला. "वाटते, सर," ती म्हणाली.

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि माझं डोकं तडकलं. राग माझ्या नाकावरच असतो, ते मी लपवत नाही. मी तिला पंधरा मिनिटं घोडा दिला.

घोडा म्हणजे पाय चांगले फाकवायचे, गुडघे वाकवायचे, पाठ ताठ, मुठी कमरेला, आणि खाली घोडा आहे असं समजून तसंच उभं राहायचं. त्याचं मूळ नाव परकं आणि लांबलचक आहे. पोरांना घोडा पुरतो. तीन मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात. पाचव्या मिनिटाला थोराड मुलांची तोंडंही वाकडी होतात. सुई मात्र त्यात अशी बसली की जणू घरी येऊन टेकली. बसल्या बसल्या तिने विचारलं, "सर, ही मिनिटं पत्रकात धरायची का?"

आता तर अख्खा वर्ग हसला. हा उर्मटपणा मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. नाही, असं मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेर तिची आई उभी राहिली.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी वीस वर्षं मुलांना शिकवतोय आणि आजवर एकाही मुलाच्या अंगाला हात लावलेला नाही. माझ्या सरांकडे वेताची छडी होती. वळ उठू नयेत म्हणून ते तिला फडकं गुंडाळत, आणि त्यांना ती मोठी दया वाटे. मी शिकवायला लागलो तेव्हा ठरवलं, छडी नाही, थप्पड नाही, शिवी नाही. चुकलास, घोडा. उशिरा आलास, घोडा. बोललास, घोडा. राग जागच्या जागी जिरतो आणि वर मांड्याही भरतात. दरवर्षी पालकांच्या बैठकीत मी हे भाषण ठोकतो. घरीसुद्धा पोरांवर हात उचलू नका, घोड्यावर बसवा, दहा मिनिटं. सगळे हसतात. आया माना डोलावतात, बाप फोनमध्ये बघतात. या वर्षी मात्र शेवटच्या खुर्चीवरच्या एका माणसाने हात वर करून विचारलं होतं, दहा की पंधरा? तो सुईचा बाप. फरशी बसवायचं काम करतो, नखांत सिमेंट असतं, आणि सांगितलेलं काम मापात करायची त्याला सवय आहे. मी दहा म्हटलं. त्याने मान हलवली.

सरावपत्रक हेही माझंच डोकं. पिवळ्या जाड कागदावर चार आठवड्यांचे अठ्ठावीस दिवस आणि प्रत्येक दिवसापुढे दोन रकाने. एकात घरी घोड्याचा सराव किती मिनिटं झाला ते लिहायचं, दुसऱ्यात वागणूक: नीट असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. भरायचं पालकांनी. दोन्ही रकाने धड असल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाही. शहरातल्या दुसऱ्या दोन सरांनी माझी ही युक्ती उचलली, तेव्हा मी बायकोपुढे आठवडाभर शेखी मिरवली होती.

त्या संध्याकाळी मी सुईचं पत्रक मागून घेतलं. एक दिवस वीस मिनिटं, आणि शेजारी फुली. दुसऱ्या दिवशी बरोबरची खूण, आणि मिनिटांच्या जागी शून्य. मग पंचवीस मिनिटं आणि फुली. मग पुन्हा शून्य आणि खूण. तीन आठवडे असंच. जिथे मिनिटं तिथे फुली, जिथे खूण तिथे शून्य. सगळ्या रकान्यांत एकाच हाताचे टपोरे, सरळ आकडे, बापाचे.

मी बराच वेळ ते उलटंसुलटं करून बघितलं. वाईट वागते त्या दिवशी ही पोर घाम गाळते आणि शहाण्यासारखी वागते त्या दिवशी आळस करते? बुधवारी वर्गाआधी मी तिला विचारलं, की हे असं का. ती पायाच्या बोटांकडे बघत म्हणाली, "दोन्ही एका दिवशी येत नाही, सर."

"बाकी बारा जणांचं येतं."

"हो, सर."

मी चिडलो. खूण आहे त्या दिवशीही मिनिटं पाहिजेत म्हणून मी तिला दम दिला. शून्य दिसलं तर परीक्षा विसर, असंही म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, जे घोड्यात कधी येत नाही. तिने फक्त मान हलवली, अगदी बापासारखी.

घरी मी पत्रक बायकोपुढे टाकलं. ती शिवणकाम करते, आणि आमच्या वर्गातल्या पांढऱ्या सदऱ्यांच्या उसवलेल्या बगला तिच्याच मशिनीवर येतात, त्यामुळे सगळी पोरं तिला मापासकट माहीत आहेत. तिने दात लावून दोरा तोडला, पत्रक बघितलं आणि म्हणाली, की ही मुलगी पाळी लावून वागतेय. एक दिवस तुझ्यासाठी, एक दिवस घरासाठी. म्हणजे काय, असं मी विचारलं. ते मला काय ठाऊक, ती म्हणाली, जाऊन बघ की. तू पोरांना दरवेळी त्या मॅटवरच बघतोस.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. तिसरा मजला, दाराशी बुटांची छोटी मांडणी, आणि आत पाऊल टाकलं की नजर आधी खाली जाते अशी फरशी. सांध्याला सांधा लागलेला, कुठे केसाइतकीही फट नाही. सुईच्या बापाने दार उघडलं आणि मला बघून त्याची एकच तारांबळ उडाली. कुठे बसवू आणि कुठे नको असं त्याला झालं. खुर्चीवरचे कपडे उचलताना तो तीनदा म्हणाला, सर आमच्या घरी, सर आमच्या घरी.

आणि स्वयंपाकघरात, फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या जागेत, सुई घोड्यात उभी होती. फ्रिजवर ठेवलेल्या फोनमध्ये आकडे उलटे पळत होते. अजून सात मिनिटं बाकी होती.

खरं सांगतो, मला आधी अभिमानच वाटला. गुडघे बरोबर अंगठ्यांवर, खांदे मोकळे, श्वास पोटातून. मोठ्या मुलांना जे वर्षभरात जमत नाही ते ही पोर फ्रिजच्या आडोशाला करत होती. बापाने माझी नजर बघितली आणि तोही फुशारला. ओळंबा सोडून बघा सर, तो म्हणाला, तसूभर हलायची नाही.

सराव छान चाललाय, असं मी म्हणालो.

"सराव कुठला, सर. शिक्षा आहे," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं ना."

आज तिने पडद्याच्या सगळ्या कड्या काढून खिडकीतून खाली टाकल्या होत्या. आई खाली जाऊन अकरा शोधून आली, एक सापडतच नव्हती. बाप अगदी मनापासून, डॉक्टरला विचारावं तसं विचारत होता, की पूर्वी दहा मिनिटं पुरायची, आता वीस दिली तरी काही फरक पडत नाही, उलट रोजचं नवीन निघतं. तर वाढवू का? मी त्या दोघांकडे आळीपाळीने बघत होतो आणि मला एवढंच कळत होतं, की या घरात काहीतरी उलटं बसवलं गेलंय, पण कुठून उलटं ते दिसत नव्हतं.

फोन वाजला. सुई सरळ झाली. बापाने खिशातून पेन काढलं, मी परत आणलेलं पत्रक फ्रिजवर नीट धरलं आणि गुरुवारपुढे वीस लिहिलं. मग शेजारी फुली मारली. खोटं लिहीत नाही मी, सर, तो म्हणाला. सुई त्या पेनाकडे बघत होती, आणि वीस लिहून झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं. फुलीकडे तिने नाइलाजाने बघितलं, जसं आपण चांगल्या भाजीतल्या किडक्या देठाकडे बघतो.

मी तिला जिन्यात घेऊन गेलो. आणि तेव्हा कुठे, तीन दिवसांत पहिल्यांदा, मी तिला विचारलं, की का करतेस?

"पत्रकात मिनिटं लागतात ना, सर."

"मग सराव कर. कड्या कशाला फेकायच्या?"

"केला होता. पहिल्या दिवशी मी आपली आपण जाऊन उभी राहिले. तर बाबांनी विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, काही नाही. मग त्यांनी सगळं घर बघितलं, काय फुटलंय ते. आईने पण बघितलं. काहीच मिळालं नाही. मग म्हणाले, खोटं बोलतेस. खोट्याची वेगळी दहा मिनिटं." ती श्वास घ्यायला थांबली. "आपण वर्गात रोज म्हणतो ना, खोटं बोलणार नाही. मग मी आता आधी काहीतरी करते. म्हणजे विचारलं की सांगता येतं."

"आणि शून्याच्या दिवशी?"

"त्या दिवशी खुणेसाठी नीट वागते. पण मग मिनिटं मिळत नाहीत. काल तुम्ही म्हणालात दोन्ही पाहिजेत. मला नाही जमत, सर. मी खूप विचार केला."

मी मोठ्याने हसलो. जिन्यात ते घुमलं. आणि हसता हसताच मला उमगलं. शिक्षा म्हणून घोडा देणारा मीच, सराव म्हणून घोडा मागणारा मीच, आणि वागणुकीची खूण मागणाराही मीच. वीस वर्षं मी या तिन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगत आलो होतो. बाकीच्या घरांत माझं कोणी एवढं मनावर घेतच नव्हतं, बाप लोक रविवारी रात्री सगळे रकाने एकदम भरून टाकत असणार. या एकाच घराने माझा शब्द मापाने पाळला आणि ही पोर त्यात चिणली गेली.

आत जाऊन मी आईबापांना सगळं सांगितलं. आईने तोंडावर हात ठेवला. मग मी, चूक सुधारायच्या भरात, फर्मान काढलं. आजपासून घोडा म्हणजे फक्त सराव. शिक्षा म्हणून घोडा बंद.

"बंद?" बापाने विचारलं.

"एकदम बंद."

त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बरं सर, तो म्हणाला. आई माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. सुईही उड्या मारेल असं मला वाटलं होतं, तर ती फ्रिजला पाठ लावून गप्प उभी होती. ओशाळले असतील, असा मी अर्थ लावला आणि शीळ घालत घरी आलो.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की आणि तुझ्या वर्गात? झालं. शुक्रवारी मला वर्गातही घोडा बंद करावा लागला. त्या दिवसाचं वर्णन न केलेलंच बरं. आमच्याकडे एक जाडजूड मुलगा आहे, त्याला सगळे पिंप म्हणतात. त्याने शेजारच्याच्या पाण्याच्या बाटलीला लाथ घातली. मी तोंड उघडलं, घो म्हणालो आणि थांबलो. पिंप पाय फाकवून अर्धा बसलाही होता. आता काय करायचं हे त्यालाही कळेना आणि मलाही. असं करू नये, असं मी म्हणालो. बरं, तो म्हणाला. पाच मिनिटांनी तिघं तेच करत होते. ओरडून ओरडून माझा घसा बसला, आणि वर्ग सुटताना सगळ्यात धाकट्या मुलीने मला विचारलं, की सर, तुम्हाला आज बरं नाही का.

रविवारी परीक्षेला पालक बाहेर बाकांवर बसले होते. सुई आली. तिच्या पत्रकात शुक्रवार आणि शनिवार दोन्ही दिवशी दहा मिनिटं होती आणि शेजारी खूण होती. मी तिला सांगितलं, की बाकीचं पत्रक मी माफ केलंय, जा, रांगेत उभी राहा. ती हलली नाही.

"सर, घोडा परत द्या," ती म्हणाली.

"कसला?"

"शिक्षेचा. बाबांना परत सांगा."

मला वाटलं, हिला पुन्हा मिनिटं हवीत. मी समजावायला लागलो, तर तिने मान हलवली.

"काल माझ्या हातून ताट पडलं. मुद्दाम नाही, खरंच पडलं. बाबा उठले. हात वर केला. मग तो तसाच वर ठेवला. मग बाहेर निघून गेले आणि जेवायला आलेच नाहीत." ती अगदी हळू बोलत होती, आईसारखी. "आधी हातच होता, सर. मग तुम्ही त्या मीटिंगमध्ये घोडा दिलात. तेव्हापासून हात नव्हता. आता घोडा पण नाही."

मला शरम वाटली. सहा महिने ही मुलगी मी दिलेल्या शिक्षेच्या आडोशाला सुखाने उभी होती, आणि तो आडोसा मी शीळ घालत काढून आलो होतो. त्या घोड्याने तिला अडकवलंही होतं आणि वाचवलंही होतं. आता यातलं कुठलं खरं धरायचं, हे मला उभ्या जागी कळेना.

मी बाहेर गेलो. सुईचा बाप बाकाच्या टोकाला तिचे बूट मांडीवर घेऊन बसला होता. मला बघून तो उठला. मी काही विचारायच्या आतच तो बोलला, इतर पालकांना ऐकू जाणार नाही इतपत.

"मला तिला मारायचं नाही, सर. पण मला दुसरं येत नाही. माझ्या बापाला तर घोडासुद्धा माहीत नव्हता. तुम्ही दहा म्हणालात, मी दहा केली. तुम्ही बंद म्हणालात, बंद केलं. आता काय करायचं ते सांगा, मी करतो."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. त्या हॉलच्या दारात हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो असेन.

आई उठून आमच्याजवळ आली. सुई दारात उभी होती. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला काहीतरी बोलणं भाग होतं. जे सुचलं ते मी बोललो. शिक्षेचा घोडा पुन्हा चालू करा, पण एका अटीवर. ती उभी राहील तेव्हा तुम्हीही उभं राहायचं, तिच्यासमोर, तसंच. तुमचे पाय थकले की शिक्षा संपली.

"मी?"

"आत्ताच करून बघा."

त्याने बूट काढले, तिथेच बाकासमोर पाय फाकवले आणि खाली बसला. सुई पुढे झाली आणि तिने एका बोटाने त्याचा गुडघा बाहेर ढकलला. पाठ सरळ, बाबा, ती म्हणाली. एका मिनिटात त्याच्या कपाळावर घाम आला. दीड मिनिटाला मांड्या लटपटल्या, त्याने भिंतीचा आधार शोधला, तो मिळाला नाही, आणि तो धपकन बाकावर बसला. आधी सुईची आई हसली. मग तोही हसायला लागला, धापा टाकत, दोन्ही हातांनी गुडघे चोळत. माझ्या जिवात जीव आला. दीड मिनिटाची शिक्षा. हात वर करायला त्याच्यात त्राणच उरणार नाही. आयुष्यात एकदा तरी मला नेमकं सुचलं, असं वाटून मी सुईकडे बघितलं, तिचं हसू बघायला.

ती हसत नव्हती. दिवसभर गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्या बापाच्या त्या चोळणाऱ्या हातांकडे ती बघत होती.

"म्हणजे मी चुकले की बाबांचे गुडघे दुखणार," ती म्हणाली.

तिचा बाप हसायचा थांबला. थोडंच दुखतं गं, तो म्हणाला. तिने ते ऐकून घेतलं आणि तिच्या त्या पद्धतीने, पूर्ण शेवटापर्यंत, विचार केला.

"मग आता मला चुकताच येणार नाही, सर."

ती कमरेत वाकली, आत गेली आणि रांगेत आपल्या जागी उभी राहिली. मी तिच्या मागोमाग गेलो. तेरा मुलं मुठी कमरेला लावून माझ्या हुकमाची वाट बघत होती, आणि मला एकही हुकूम सुचत नव्हता.